दादूस आणि बाहेरची लिफ्ट

दादूसांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अंगावरचं सोनं उतरवत होते. कल्याण-शीळ रोडवरच्या आमच्या साइटच्या गेटाशी एक मोठी पांढरी गाडी येऊन थांबली. मला वाटलं, जमिनीचे मूळ मालक आले. पुढच्या सीटवरच्या साठीच्या, आडव्या बांध्याच्या माणसानं गळ्यातली जाड चेन काढली, मग एकेक करून तीन अंगठ्या, मग मनगटातलं कडं, आणि सगळं गाडी चालवणाऱ्या पुतण्याच्या हातात दिलं. पुतण्यानं ते रुमालात बांधलं आणि गाडी वळवून नेली. मागे उरला तो धुऊन धुऊन फिका पडलेला निळा बॉयलर सूट घातलेला एक फिटर. एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचा मोठा डबा आणि काखेत घडी घातलेली फुलाफुलांची चादर.

मी तेव्हा सेफ्टीचा डिप्लोमा करून नुकतीच नोकरीला लागलेले. राहायला डोंबिवलीला. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होते, त्यामुळे पाने आणि बोल्ट हे शब्द लहानपणापासून कानावरचे. पण बावीस मजल्यांच्या बिल्डिंगला बाहेरून चिकटून जाणारी लिफ्ट कशी उभी करतात, ते मी फक्त पुस्तकात वाचलेलं.

ही लिफ्ट ज्यांनी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बिल्डिंग बांधत असतात तेव्हा आतली लिफ्ट नसते. माणसं आणि सामान वर न्यायला बाहेरच्या अंगाला लोखंडी जाळीचा एक खांब उभा करतात आणि त्या खांबाला धरून एक पिंजरा वर-खाली होतो. कागदावर त्याला पॅसेंजर हॉइस्ट म्हणतात, साइटवर नुसतं ‘बाहेरची लिफ्ट’. खांब सलग नसतो. जवळपास माणसाच्या उंचीचे तुकडे एकावर एक ठेवून बोल्टांनी आवळलेले असतात. आणि दर तीन मजल्यांना एक लोखंडी हात असतो, तो खांबाला बिल्डिंगशी बांधून ठेवतो. त्याला टाय म्हणतात. बिल्डिंग वाढेल तसा खांब वाढवायचा, काम संपलं की वरून एकेक तुकडा सोडवत खाली आणायचा. दादूसांचं काम एवढंच. चढवणं आणि उतरवणं.

त्यांना काम करायची गरज नव्हती. गाव तिथलंच, शीळ रोडला लागून. खाडीकडची जमीन, डोंगरउताराची वरकस, भातशेती, सगळं टप्प्याटप्प्यानं बिल्डरांकडे गेलेलं. भावांनी पाण्याचे टँकर घेतले, एकानं हॉल बांधला, पुतण्यांचे पोकलेन. दादूस मात्र सतराव्या वर्षी क्रेन भाड्यानं देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले होते, ते पुढे कधी थांबलेच नाहीत. मी एकदा विचारलं की दादूस, तुम्हाला हे कशाला हवं? ते बोल्टाला ग्रीस लावत होते. म्हणाले, “खालची जागा आम्ही देऊन बसलो मॅडम. आता वरचीच रायली.”

दादूस म्हणजे आगरी बोलीत मोठा भाऊ. ‘पडला’ त्यांच्या तोंडी ‘परला’ व्हायचा आणि ‘वेळ’ची ‘वेल’. सुरुवातीला मला अर्धं कळायचं नाही. पण त्यांच्या तोंडी नुसतं ‘परला’ ऐकलं तरी बाकीचं सगळं कळायचं.

स्टीलचा डबा कशासाठी, ते पहिल्याच दिवशी समजलं. वर जाणाऱ्या प्रत्येकानं आपला मोबाइल, अंगठी, हातातला गंडादोरा, घड्याळ त्यात ठेवायचं. ज्याचा दोरा निघत नसेल त्यानं खाली थांबायचं. त्यावर वाद नाही, उपदेशही नाही. डबा झाकण लावून त्यांच्या खुर्चीखाली जायचा. चादर बोल्टांसाठी. सोडवलेला एकेक बोल्ट त्या फुलांवर ओळीनं मांडला जायचा, तुकड्याचे चार बोल्ट एका फुलाभोवती. चार नसले तर वरचं काम थांबायचं. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, लग्नातली चादर होती म्हणे. काकूंना ते माहीत होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

पण त्यांची खरी तऱ्हा म्हणजे सकाळचे प्रश्न. माणसं रांगेत उभी राहायची आणि दादूस एकेकाच्या जवळ जाऊन हळू आवाजात विचारायचे. झोप झाली का? जेवलास का? घरी काही बोलाचाली? विठ्ठलवाडीला राहणारा जनार्दन हा त्यांचा उजवा हात, मूळचा चिपळूणकडचा, तिशीतला, अबोल. त्यालाही रोज हेच तीन प्रश्न. आणि उत्तर पटलं नाही की दादूस खांद्यावर हात ठेवून सांगायचे, आज खाली राहा, हजेरी लागेल. बायकोशी भांडून आलेला खाली. पोराला ताप म्हणून रात्रभर जागलेला खाली. एकदा एक जण हसत हसत आला, पहिली मुलगी झालेली, पेढे घेऊन आलेला. दादूसांनी पेढा खाल्ला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला गेटावर बसवलं. मला म्हणाले, आनंदानं पण हात घसरतो.

दुसरी तऱ्हा ‘झालंच’ या शब्दाची. काम उरकत आलं की कुणीतरी म्हणणारच, झालंच आता. हा शब्द कानावर पडला की दादूस शिट्टी मारायचे, सगळ्यांना खाली बोलवायचे आणि चहा मागवायचे. चहा संपेपर्यंत कामाबद्दल बोलायचं नाही. शेवटचे दोन तुकडे राहिलेले असताना असं अर्धा तास थांबणं प्रोजेक्ट मॅनेजरांना वेडेपणा वाटायचा. हे मॅनेजर शिस्तीचे, पुण्याकडचं स्वच्छ मराठी बोलणारे, मनानं वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यावर तारखा असायच्या. दादूसांचं म्हणणं असं की चढवताना मशीन नवं असतं आणि माणूस घाबरलेला असतो, म्हणून सगळं नीट होतं. उतरवताना दोघंही दमलेले, आणि घाबरायचं विसरलेले.

आणि पोथी. मशीनचं एक पुस्तक येतं, कंपनीनं दिलेलं, इंग्रजीत. कसं चढवायचं, कसं उतरवायचं. दादूसांनी ते पुस्तक किती वर्षं ऐकलं असेल कोण जाणे, पण प्रत्येक चढवणीआधी आणि प्रत्येक उतरवणीआधी ते पुन्हा वाचलं गेलंच पाहिजे. माझ्याआधी कोण वाचायचं माहीत नाही, मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. उलटं टाकलेलं प्लायवूड, त्यावर सगळे मांडी घालून. मी एक परिच्छेद वाचून मराठीत सांगायचे, जनार्दन यूपी-बिहारच्या माणसांसाठी तो हिंदीत सांगायचा, आणि दादूस डोळे मिटून ऐकायचे. झोपलेत असंच वाटायचं.

पहिल्या वेळी मला कंटाळा आला आणि मी एक पान सोडलं. त्यात कसले तरी आकडे होते. दादूसांनी डोळे न उघडता सांगितलं, “मॅडम, मधलं एक पान खाल्लंत.”

सगळे हसले. मीही हसले, पण कान लाल झाले. दादूसांनी डोळे उघडले. “ज्यांनी ही मशीन बनवली, त्यांची मानसं कुठंतरी परली असतील. तवा त्यांनी ते पान लिवलं. ते खाऊ नका.”

नंतर मी एकही पान सोडलं नाही. म्हणजे मुद्दाम तरी नाही.

एक गोष्ट मात्र ते दुसऱ्या कुणावर सोपवत नसत. काम सुरू व्हायच्या आधी पायऱ्या चढून जायचं आणि प्रत्येक टायला हात लावायचा. हातातल्या छोट्या हातोडीनं बोल्टावर टकटक करायचं आणि ऐकायचं. लिफ्ट समोर उभी असताना हा माणूस बावीस मजले पायी का चढतो, असं नवीन माणसांना वाटायचं. पिंजऱ्यातून जाताना टाय दिसतात की, असं मीही म्हटलं होतं. ते म्हणाले, दिसतात, पण बोलत नाहीत. डोळ्यानं नाय, हातानं. मग ते खाली येऊन मला मान हलवून सांगायचे आणि मी तपासणीच्या कागदावर सही करायचे. ती सही झाल्याशिवाय काम सुरू करता येत नसे.

असे आम्ही तीन साइट्सवर बरोबर होतो. तिसरी पुन्हा शीळ रोडचीच, त्यांच्या गावापासून दहा मिनिटांवर. बावीस मजले. बिल्डिंग पुरी झालेली, आतल्या लिफ्ट लागलेल्या, त्यांचं सर्टिफिकेट यायचं होतं. खाली बागेचं काम अडलेलं, कारण बागेच्या जागेवर आमचा खांब उभा. ताबा द्यायचा कार्यक्रम ठरलेला. बाहेरून रंगाऱ्यांची टोळी शेवटचे हात मारत होती. दिवाळी संपलेली, आकाश स्वच्छ, वारा नाही. उतरवणीला याहून चांगला दिवस मिळणार नाही असं मॅनेजर म्हणाले आणि ते खरंच होतं.

सकाळी प्रश्न झाले. कुणीच खाली राहिलं नाही. मग आम्ही प्लायवूडवर बसलो आणि मी पुस्तक उघडलं. मागच्या कुठल्या तरी साइटवर त्या पुस्तकावर चहा सांडलेला, पानं सुकून कडक झालेली. मी वाचत गेले, जनार्दन हिंदीत सांगत गेला. पुस्तक मिटलं. दादूसांनी डोळे उघडले आणि म्हणाले, चला.

कुणी उठलं नाही. जनार्दन माझ्याकडे बघत होता. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, एक पान राहिलं.”

मी पुस्तक पुन्हा उघडलं. दोन पानं एकमेकांना चिकटलेली. मी नखानं सोडवली आणि वाचलं. सगळ्यात वरच्या तुकड्याचे बोल्ट सोडवले असतील तर पिंजरा एक बोटभरसुद्धा वर न्यायचा नाही, हे सांगणारं पान होतं ते. उतरवणीचं सगळ्यात महत्त्वाचं पान. वर मोकळा तुकडा असताना चुकून वरचं बटण दाबलं की पिंजरा मोकळ्या तुकड्यावर चढतो आणि तुकड्यासकट खांबावरून निघतो.

मी म्हटलं, माझी चूक, पानं चिकटलेली होती.  दादूसांनी विचारलं, कुठलं पान? मी सांगितलं. मग ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

“तुमचं चुकलं ते पान चिकटलं म्हनून,” ते म्हणाले. “मला कललं कसं नाय?”

त्यांनी हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. चादरीची घडी जनार्दनच्या मांडीवर ठेवली. कमरेचा पट्टा सोडवला. “आज मी खाली,” म्हणाले.

आम्हाला आधी वाटलं, ते रागावले. मॅनेजर आले. त्यांनी समजावलं की एका पानानं काय होतं, तुम्हाला ते पाठ आहे, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. दादूस शांतपणे ऐकत होते. बायकोशी भांडलेल्याला मी खाली ठेवलं, ते म्हणाले, पोरगी झालेल्याला खाली ठेवलं. आता मी वर गेलो तर त्यांना तोंड कुठलं दाखवू? मॅनेजर म्हणाले, मग कोण करणार? दादूसांनी जनार्दनकडे बोट केलं. मग त्यांनी पुतण्याला फोन लावला आणि गेटावरच्या खुर्चीत जाऊन बसले. गाडी आली तेव्हा पुतण्यानं नेहमीसारखा रुमाल पुढे केला. दादूसांनी तो घेतला नाही. तसेच बसून निघून गेले.

आता काम सुरू व्हायला माझी सही हवी होती. मॅनेजरांनी कागद पुढे केला. उतरवणीआधीची टायची तपासणी आठ दिवसांपूर्वी झालेली, त्याच्यावर तुमचीच सही आहे ना, त्यांनी विचारलं. आहे, मी म्हटलं. मग अडचण काय, ते म्हणाले.

मला काही संशय आला होता असं नाही. तसं सांगितलं तर ते खोटं होईल. मला फक्त भीती वाटत होती. आत्तापर्यंत माझी सही म्हणजे दादूसांची मान होती. ती मान आज नव्हती, आणि माझ्या हाताला ती सही एकदम जड वाटली. म्हणून मी म्हटलं, आधी पायऱ्या चढून येते. मॅनेजरांनी घड्याळ बघितलं आणि हो म्हटलं.

मी याआधी कधीच पूर्ण चढले नव्हते. दुसऱ्या मजल्यावर थांबले, पट्टा खांबाला अडकवला, वाकून टायला हात लावला. घट्ट. हातोडीनं टकटक केलं. आवाज कसा यायला हवा ते मला नक्की माहीत नव्हतं, तरी केलं. पाचवा. आठवा. अकरावा. पायांत गोळे आलेले, पाठ घामानं चिकटलेली, आणि मनात येत होतं की आपण उगाच नाटक करतोय.

चौदाव्या मजल्यावरचा टायही तसाच दिसत होता. लोखंडी हात आपल्या जागी, भिंतीला टेकलेला. मागची भिंत नुकतीच रंगवलेली, सायीच्या रंगाची, अजून वास येत होता. मी हात लावला आणि तो हात हलला. दार उघडावं तसा सहज, माझ्या बोटांबरोबर बाजूला आला.

भिंतीत बोल्ट नव्हते. चारही काढलेले, भोकं पुट्टीनं भरलेली आणि त्यावर रंग मारलेला, इतका सफाईनं की भोकं कुठं होती ते कळत नव्हतं. लोखंडी हात लोंबू नये म्हणून कुणीतरी त्याला सळ्या बांधायच्या बाइंडिंग वायरनं खांबाला नीट बांधून ठेवलं होतं. पिंजऱ्यातून जाताना तो जागेवरच दिसला असता. रोज दिसतही होता.

मी तिथंच जमिनीवर बसले. मग डोक्यावरून मोटरचा आवाज आला आणि मला कळलं की पिंजरा वर आहे. मॅनेजरांनी वेळ वाया जाऊ नये म्हणून जनार्दनला आणि आणखी दोघांना तयारीला वर पाठवलं होतं. मी वॉकी-टॉकी उचलला.  “जनार्दन, काही सोडवू नका. पिंजरा आहे तिथंच बंद करा आणि तिघंही पायऱ्यांनी खाली या.”

त्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, चौदाव्याला टाय नाही.

 मोटर लगेच बंद झाली. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. तिघं आले, माझ्याजवळ थांबले. जनार्दननं वाकून तो लोखंडी हात हलवून पाहिला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. आम्ही सगळे एकामागं एक खाली उतरलो.

त्या दिवशी काय झालं असतं, ते मी नंतर कितीदा तरी मनाशी मांडून पाहिलंय. सुरुवातीला काहीच झालं नसतं. वरचे तुकडे निघाले असते, विसाव्याचा टाय सोडवला असता, सगळं नेहमीसारखं. दुपारी केव्हातरी सतराव्याचा टाय सोडवला असता, खाली चौदाव्याचा आहे या भरवशावर. आणि त्या क्षणी अकराव्याच्या वर सहा मजल्यांचा खांब नुसता हवेत उभा राहिला असता, टोकाला पिंजरा, पिंजऱ्याच्या टपावर काढलेले तुकडे आणि तीन माणसं.

मॅनेजरांनी रंगाऱ्यांच्या सुपरवायझरला बोलावून घेतलं. बाकीच्या टायमागं ब्रश पोचला होता, चौदाव्याच्या टायमागचा तेवढा चौकोन रंगवायचा राहिला होता, त्याची माणसं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साइटवर जाणार होती, लिफ्ट तर निघणारच आहे असं त्याला वाटलं. चार दिवसांपूर्वी काढला, असं त्यानं सांगितलं. कुणाला विचारायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. मॅनेजर स्वतः चौदा मजले पायी चढून गेले, तो हात हलवून पाहिला आणि खाली येऊन मला म्हणाले, मशीनच्या कंपनीचा इंजिनियर येऊन बघेपर्यंत कुणीही खांबाला हात लावायचा नाही. तारखेचा विषय त्यांनी काढला नाही. त्या दिवसापासून त्यांच्या कुठल्याही साइटवर रंगाऱ्याच्या हातात पाना दिसला तर काम थांबतं.

संध्याकाळी मी दादूसांच्या घरी गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते ओटीवर बसून ऐकत होते. मला वाटलं, ते म्हणतील बघा, मी सांगत होतो. ते म्हणाले, “आठ दिवसांमागं मी वर गेलो नवतो.”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. दहाव्या मजल्यावर त्यांना दम लागला होता. छातीत भरून आलं. ते पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या झोप लागली की काय झालं ते त्यांना आठवत नाही. जाग आली तेव्हा आपण चढत होतो की उतरत होतो तेच कळेना. ते खाली आले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी म्हटलं, दादूस, टाय चार दिवसांपूर्वी काढलाय. तुम्ही वर गेला असता तरी तो तेव्हा जागेवरच होता.

“तो कवाही काढू दे,” ते म्हणाले. “मी गेलो नवतो आनि मान हलवली. आनि तुम्ही सही केलीत.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “कोनी सांगितलं म्हनून सही करू नका मॅडम. मी सांगितलं तरी.”

मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. घरी परत जाताना रिक्षात मी रागानं रडले. इतकी वर्षं आम्हाला हातानं, हातानं म्हणून सांगणारा माणूस. आणि मग वाटेतल्या सिग्नलला रिक्षा थांबलेली असताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी हे मला सांगितलं नसतं तर कुणालाही कधीच कळलं नसतं.

टायला नवे बोल्ट बसले, बोल्ट भिंतीत धरून ठेवणारं केमिकल सुकायला वेळ दिला, इंजिनियर येऊन बघून गेला. उतरवणी सुरू व्हायच्या आधी मी पहिल्यापासून शेवटच्या टायपर्यंत पुन्हा चढले, यावेळी जनार्दनला बरोबर घेऊन, कारण आवाज कसा यायला हवा ते त्याला माहीत होतं. दादूस आले होते. बॉयलर सूट नव्हता, पांढरा शर्ट-लेंगा. वर गेले नाहीत. चादरीजवळ खुर्ची टाकून बसले आणि खाली आलेला एकेक बोल्ट पुसून फुलांभोवती मांडत राहिले. दोन दिवस लागले. सगळ्यात खालचा तुकडा निघाला तेव्हा जमिनीवर एक पिवळट चौकोन उरला, बराच काळ ऊन न लागलेल्या गवताचा. माळी लगेच फावडं घेऊन आला.

त्यानंतर दादूसांनी काम घेतलं नाही. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं की विसरायला होणं आता वाढत जाणार. जनार्दन त्यांच्याच माणसांना घेऊन कामं करू लागला. सकाळी तेच तीन प्रश्न विचारतो. मी ठाण्याला घोडबंदर रोडच्या साइटवर गेले आणि भेटी कमी झाल्या.

मागच्या हिवाळ्यात शीळ फाट्याला काम होतं म्हणून मी त्यांच्याकडे गेले. घर आता तीन मजली झालंय. काकूंनी मला ओळखलं, जेवायला बस म्हणाल्या, तांदळाच्या भाकरी चालू होत्या आणि सुकटाचा वास सुटलेला. दादूस वरच्या गॅलरीत बसतात, त्या म्हणाल्या, समोर नवीन बिल्डिंग होतेय तिथं तोंड करून. रोज तिथली माणसं जेवायला उतरेपर्यंत जेवत नाहीत. आधी आम्ही भांडायचो, आता सोडून दिलं.

मी गॅलरीत जाऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. खूप वाळले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओळख नसलेल्या पाहुण्याला करतात तसा नमस्कार केला. मी माझं नाव सांगितलं, साइटचं सांगितलं, जनार्दनचं सांगितलं. ते हो हो म्हणाले. समोर दहाव्या-अकराव्या मजल्यापर्यंत आलेली बिल्डिंग होती आणि तिच्या अंगाला बाहेरची लिफ्ट, खांब वाढवायचं काम चाललेलं. पिंजऱ्याच्या टपावर पिवळी हेल्मेटं हलताना दिसत होती. दादूसांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, त्यांना तेवढं लांबचं दिसत नाही.

 मग ते समोर बघत म्हणाले, “वर किती जन हायत?”

मी उठून कठड्याशी गेले आणि नीट बघितलं. “चार.”

त्यांनी मान हलवली. खालून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. कधीतरी समोर शिट्टी वाजली, पिंजरा सावकाश खाली यायला लागला आणि जाळीच्या कुंपणामागे दिसेनासा झाला. दादूस माझ्याकडे वळून वाट बघत होते. मी कठडा सोडला नाही. कुंपणाच्या फाटकातून एक माणूस बाहेर आला, हेल्मेट काढून डोकं खाजवत. मग दोघं बोलत बोलत आले. मग फाटक रिकामं राहिलं आणि मी तिथंच बघत राहिले. चौथा आला, हात पँटला पुसत.

“चारही आले, दादूस.”

ते भिंतीला धरून उठले, जिन्याच्या तोंडाशी गेले आणि काकूंना हाक मारून म्हणाले, “वाढ.”